दिव्यामागची आई

बाल्टिमोर, १९ सप्टेंबर २०११

प्रिय नीवा,

तुझे अर्धेच केस सरळ झाले होते तो रविवार आठवतो का तुला? तू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मान खाली घालून बसली होतीस, हाताने कान दुमडून धरलेला. आई लोखंडी कंगवा गॅसवर तापवून तुझ्या केसांतून फिरवत होती आणि तू चटका बसायच्या आधीच ओरडत होतीस. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून शेजारची मिस ओडेल, आणि तिचं ते नेहमीचं, "अकरा नंबरचं चॅनेल लाव. आपली बाई आहे."

आईने कंगवा तसाच गॅसवर टाकला. आपण बाहेरच्या खोलीत धावलो. तोवर संपतच आलं होतं. साबणाची जाहिरात होती ती. आपल्यासारखी एक काळी बाई टॉवेल नाकाला लावून हसली, बस; तेव्हा टीव्हीवर आपलं माणूस दिसणं हाच सण. लुसिल आत्याने टाळ्या वाजवल्या. आई पुढच्या घरांना फोन करत सुटली, आणि कंगव्यावर लक्ष राहावं म्हणून रिसीव्हर कानाला लावून पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. फोनची वायर आपल्या डोक्यांवरून ताणली गेली. आणि बाबा? बाबांनी खुर्ची फिरवली, टीव्हीकडे पाठ केली आणि आपल्याकडे बघत बसले. मी म्हटलं, "बाबा, तिकडे बघा ना." ते म्हणाले, "बघतोय की."

बाबांनी पुढे काढलेलं ते चित्र त्यातूनच आलं. मी जमिनीवर शाळेच्या गणवेशात, तू अर्ध्या केसांची, आत्या टाळ्या वाजवताना, आणि उजव्या टोकाला दारात आई, कानाला फोन लावलेली. सगळ्यांच्या तोंडावर टीव्हीचा निळा उजेड. तू कॅलिफोर्नियाला निघालीस तेव्हा बाबांनी ते भिंतीवरून उतरवून तुला दिलं. म्हणाले, "घर सोबत ने." मला नाही दिलं. मी कुठे जाणारच नव्हते.

हे सगळं आज का लिहितेय, तर तू फोन उचलत नाहीस. निरोप ठेवावा तर तुझ्या यंत्रात जागा नसते. म्हणून शाळेत सिस्टर इमॅक्युलाटाने शिकवलेल्या अक्षरात लिहितेय, वाचता येत नाही असं तुला म्हणता येणार नाही.

आईचे डोळे जात आहेत. मोतीबिंदू नाही, दुसरं काहीतरी आहे. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग जातो, कडा शिल्लक राहतात. समोर बसलेल्या माणसाचं तोंड तिला दिसत नाही, कान दिसतात. दुपारी तीन वाजता जुन्या मालिकांच्या चॅनेलवर, ज्याच्या सेटची सजावट तू करायचीस ते ‘लाँड्रीवरचं घर’ लागतं. ती पडद्याला नाक लावून, मान वाकडी करून बसते. गोष्टीकडे तिचं लक्ष नसतं. तू त्या सेटवर सोफ्याच्या वर लावलेलं बाबांचं चित्र ती बघते. आणि मालिकेतला तो उंच भाचा कायम त्याच्यापुढे येऊन उभा राहतो. आई त्याला म्हणते, "मेल्या, बस की खाली." सगळ्या मालिकेत तो एकदाही बसत नाही.

चित्र तुझं आहे. बाबांनीच तुला दिलं, त्यावर माझं म्हणणं नाही. पण तिला आता ते डोळ्यांसमोर हवंय, पडद्यावर नको. थोडे दिवस पाठव. बघून झालं की मी स्वतः बांधून परत पाठवीन.

तुझी,
बर्नडीन


बाल्टिमोर, ७ ऑक्टोबर

प्रिय नीवा,

तुझं कार्ड मिळालं. ताडाचं झाड छान आहे. मागे तू लिहिलं आहेस की खूप काम आहे आणि चित्र "सामानात कुठेतरी" आहे. तुझं काम सुटून दहा वर्षं झाली असं मला वाटत होतं. आणि ज्या चित्रापुढे निम्म्या देशाने सात वर्षं गुरुवारचं जेवण केलं, ते सामानात कुठेतरी असतं का?

चिडायचं नाही असं ठरवून बसले होते. ते काही जमलं नाही.

तुला ठाऊक नसेल, तू इथे नव्हतीस. त्या काळात गुरुवारी आठच्या सुमाराला आपला सगळा रस्ता ओस पडायचा. मार्बलच्या पायऱ्यांवर कोणी बसलेलं नसायचं. कार्यक्रमातल्या डेल्फीन मावशीने सोफ्यावर धपकन अंग टाकलं की भिंतीपलीकडून मिस ओडेलचं हसू आपल्या आधी ऐकू यायचं. मिस ओडेल म्हणायची, "आपण गाणी म्हणताना दिसलो, मार खाताना दिसलो, खुर्चीवर बसून बिलावरून भांडताना पहिल्यांदाच दिसतोय." मी तेव्हा शाळेत शिकवत होते. शुक्रवारी सकाळी मुलं धडा म्हणायच्या आधी मावशीचे संवाद म्हणायची. आणि टीव्हीला सैतानाचं खोकं म्हणणारी सिस्टर इमॅक्युलाटा एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या धाकट्या भाच्याला शेवटी नोकरी मिळाली का गं? काल मला प्रार्थनेला जावं लागलं."

पहिल्या भागाच्या रात्री खोलीत माणसं मावत नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं की बाबांचं, थॅडियसचं, चित्र दिसणार आणि शेवटी नीवाचं नाव येणार. पडदा उघडला, आणि बाबांचं चित्र सोफ्याच्या वर. लोक ओरडले. मग हळूहळू गप्प झाले, कारण आई दिसत नव्हती. जिथे आई असायला हवी तिथे सोफ्याच्या टोकाला तो भलाथोरला पितळी दिवा उभा होता, झालरीच्या टोपीचा.

कुणीतरी विचारलं, लिओना कुठाय? बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "दिव्यामागे आहे. दिवा आडवा आलाय."

झालं. तेव्हापासून आई दिव्यामागची बाई. चर्चमध्ये, केस करायच्या दुकानात, मासळीवाल्याकडे, सगळीकडे तिला विचारायचे, "काय मिस लिओना, हलवला का दिवा?" आई म्हणायची, "हलवतील हो. घाई काय आहे." मिस ओडेल तर शपथ घेऊन सांगायची की तिसऱ्या वर्षी एका भागात दिव्यामागून आईचं कोपर दिसलं होतं. देव तिच्या आत्म्याला शांती देवो, मरेपर्यंत ती त्या कोपरावर ठाम होती.

आणि चित्रात आपल्या डोक्यांवरून गेलेली ती वायर. लोकांना ती कपडे वाळत घालायची दोरी वाटायची. लाँड्रीवाल्यांचं घर, म्हणून दोरी. मी किती जणांना सांगितलं की अहो, फोनची वायर आहे ती. कुणी ऐकून घेत नाही.

एक बातमी आहे. नाताळानंतर चॅनेल हा कार्यक्रम बंद करणार. मी त्यांना पत्र लिहिलं. छापील उत्तर आलं, आपल्या आवडीबद्दल आभारी आहोत. आधीच ते शेवटची नावं पडद्याच्या एका कोपऱ्यात चेपून टाकतात आणि बाकी जागेत गुडघेदुखीचं औषध विकतात. तुझं नाव मुंगीएवढं दिसतं. आई तरी मला दर वेळी विचारते, "आलं का?" मी म्हणते, "आलं." खरं तर मलाही दिसत नाही.

पाठव ना गं. तू लहानपणी काही मोडलं की असंच करायचीस. संत जोसेफाच्या मूर्तीचं नाक तुझ्या हातून तुटलं, तेव्हा पुढे फुलदाणी ठेवलीस आणि महिनाभर रोज ताजी फुलं आणलीस. घरातल्यांना वाटलं, मुलगी नन होणार. चित्राला काही झालं असलं, ओल लागली असली, रंग उडाला असला, तरी पाठव. आईला आता तसंही बारीक काही दिसत नाही.

बर्नडीन


बाल्टिमोर, ३ नोव्हेंबर

नीवा,

या वेळी ताडाचं झाडसुद्धा आलं नाही.

बाबा गेले तेव्हा तू एक दिवसासाठी आलीस. दफनभूमीतून परस्पर विमानतळावर गेलीस. चर्चच्या तळघरात बायकांनी जेवण मांडलं होतं, तुझ्यासाठी मॅकरोनी झाकून ठेवली होती. बाहेरच्या खोलीत तू पाऊलही टाकलं नाहीस. मी तेव्हा तुला दफनभूमीच्या फाटकात गाठून विचारलं, चित्र विकलंस का. तू काही बोलली नाहीस, गाडीत बसलीस. माझं चुकलं असं म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. मला अजूनही उत्तर हवंय.

मी काय मागतेय? मी या घरात राहिले. बाबांची पोस्टातली रात्रपाळी संपेपर्यंत त्यांचं जेवण गरम ठेवलं, त्यांचे ब्रश धुतले, त्यांचं आजारपण काढलं, आता आईच्या डोळ्यांत थेंब घालते. चित्र मात्र तुला मिळालं आणि नावही तुझं आलं. मला तेही नकोय. फक्त आईला एकदा बघू दे.

काल जुनी कॅलेंडरं काढली. अंत्यविधीचं दुकान चालवणारा तो माणूस दर नाताळाला वाटायचा ती, दर महिन्याला आपल्यातल्या एकेका चित्रकाराचं चित्र असलेली. आपल्या घरातलं चित्रांचं प्रदर्शन म्हणजे तेच. खाली मोठ्या अक्षरात शवपेट्यांची जाहिरात, वर पिवळ्या रस्त्यावर नाचणारी माणसं. बाबा जानेवारीत बाराही पानं उलटून बघायचे आणि दुकानदाराशी भांडायला जायचे की मार्चमध्ये दम नाही. आणि वॉशिंग्टनच्या त्या बसच्या फेऱ्या आठवतात का? आपल्या लोकांच्या विद्यापीठातल्या त्या दालनात बाबा आपल्याला एकेका चित्रापुढे उभं करायचे. काय दिसतं हे कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "या चित्रातून आत्ताच कोण उठून गेलंय?" कुठे रिकामी खुर्ची असायची, कुठे अर्धवट शिवलेली गोधडी. तुला पटकन उत्तर सुचायचं. मी खुर्च्या मोजत बसायचे.

ते म्हणायचे की माणसाचा रंग बाटलीतून येत नाही हे त्यांना त्याच भिंतींनी शिकवलं. आधी निळा, मग तांबडा, त्यावर मधासारखा पिवळा, तेव्हा कुठे आपल्या कपाळाचा रंग लागतो. टीव्हीवर आपण सगळे भोपळ्यासारखे नारिंगी दिसतो. आईला खरे रंग बघून पस्तीस वर्षं झाली.

आता डाव्या डोळ्याने तिला जवळजवळ काहीच दिसत नाही. आणि ती काय म्हणते माहीत आहे? "नीवाला त्रास देऊ नकोस." मी म्हटलं, मग तुला चित्र नकोय का? तर म्हणाली, "हवंय. पण तू मागू नकोस, तिला देऊ दे." मला या बाईचं काही कळत नाही.

बर्नडीन

ता. क. हे पाकीट चिकटवून ठेवलं होतं आणि तुझा फोन आला. म्हणून परत फोडलं. चित्र निघालं, बरं झालं, देव पावला. पण आवाज एवढा खाली का होता तुझा? आणि "आईसमोर उघडू नकोस" म्हणजे काय? मी विचारेपर्यंत तू फोन ठेवलास. चर्चमधल्या प्रार्थनेच्या घंटेसारखं झालं आहे तुझं, वाजते तेव्हाच संपते.


बाल्टिमोर, ३० नोव्हेंबर

नीवा,

खोका काल आला. आई झोपली असताना मिस्टर गेथर आणि मी तो तळघरात नेऊन उघडला. गेथर पलीकडच्या रस्त्यावर सोफे दुरुस्त करतात. बायको गेल्यापासून आपल्या घरातलं प्रत्येक मोडकं काम त्यांना आपलं वाटतं. त्यांनी हलक्या हाताने फळ्या काढल्या, कागद सोडवला, आणि आम्ही ते भिंतीला टेकवून उभं केलं.

आधी मला फक्त रंग दिसले. तुझ्या सरळ केसांवर निळा, उभ्या केसांवर जांभळा. आत्याच्या तळहातांचा तो गुलाबी. मी रडले, खोटं कशाला सांगू.

मग गेथर म्हणाले, "मिस बर्नडीन, ही कड बघा. बाकी तीन बाजूंना कापड मागे दुमडून खिळलंय. इथे दुमडायला कापडच नाही."

मग तुझी चिठ्ठी वाचली.

आईला कापून टाकलं. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सेटवरची भिंत अरुंद होती. साहेब म्हणाला, छाटा, नाहीतर दुसरं कोणाचं तरी चित्र आणा. तू तिथे नवीन होतीस, सजावटीच्या खात्यात आपल्यातली एकटीच. सुताराने पातं लावलं तेव्हा दुसरं टोक तू धरलं होतंस. संध्याकाळी तो तुकडा घ्यायला गेलीस तर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. म्हणून तू सामानाच्या कोठीतून सगळ्यात रुंद टोपीचा दिवा शोधलास आणि कापलेल्या कडेपुढे उभा केलास. सात वर्षं रोज सकाळी तो तिथेच आहे ना हे बघून कामाला लागायचीस.

तू चोवीस वर्षांची होतीस हे मला कळतं. मला सगळं कळतं, नीवा, मला समजून घ्यायचा कंटाळा आला आहे. तू सांगितलं असतंस तर बाबांनी दुसरी आई काढली असती. त्यानंतर ते बारा वर्षं होते. हात धड होते. तू तोंड उघडलं नाहीस, आणि सबंध चर्चला आम्ही दिव्याच्या गोष्टी सांगत बसलो.

आणि बाबा. ते मला काल तळघरात उभं असताना उमगलं. ज्या माणसाने ते कापड स्वतः ताणलं, त्याला आपलं चित्र कुठे संपतं हे कळलं नसेल? त्यांना पहिल्याच रात्री दिसलं. म्हणून ते पडद्याकडे न बघता ताटाकडे बघून बोलले. रताळ्याचा पाय होता त्या रात्री, आईने ओव्हनमध्ये भाजलेला तो गोड पदार्थ, त्यांचा जीव होता त्याच्यावर, आणि त्यांनी तो अर्धा टाकला. मीच टाकून दिला तो कचऱ्यात. तुला वाचवायला त्यांनी दिवा आडवा घातला, आणि आईला वाईट वाटू नये म्हणूनही. तुम्ही दोघं एकाच मातीचे. मला कोणीच काही सांगितलं नाही.

आता मी काय करू? चित्र तळघरात चादरीखाली आहे. आईला सांगितलं की वाटेत बर्फ आहे, उशीर होईल. ती मान वाकडी करून वास घेत म्हणाली, "घरात नव्या पाइनच्या लाकडाचा वास येतोय. कोणाची शवपेटी आणलीस?"

थँक्सगिव्हिंगला टर्की केली, सोबत सावरक्राउट, आपला तो आंबवलेला कोबी. आईने तुझ्यासाठी एक ताट मांडायला लावलं. दर वर्षी मांडते. हेही तुला कधी सांगितलं नव्हतं.

बर्नडीन


बाल्टिमोर, ११ डिसेंबर

नीवा,

दाखवलं. मी नव्हे, तिनेच बघितलं. शुक्रवारी मी औषधं आणायला गेले. परत येते तर बाहेरच्या खोलीत गेथर शिडीवर, आणि आई खाली उभी राहून त्यांना हुकूम सोडतेय, डावीकडे घ्या, अजून डावीकडे. मी दारातच गेथरना म्हटलं, मिस्टर गेथर, तुम्ही मला शब्द दिला होता. ते म्हणाले, "दिला होता. पण मिस लिओनाने मला विचारलं, तळघरात काय आहे. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईशी खोटं बोलायचं तर तुम्ही बोला, मला रविवारी चर्चमध्ये तिच्यामागेच बसायचंय."

टांगून झालं. ती अगदी जवळ गेली, मान वळवली आणि डोळ्याच्या कडेने चित्र बघू लागली, एका टोकापासून. मला ओळखलं. तुला ओळखलं आणि हसली, म्हणाली, कंगवा जळला होता त्या दिवशी. मग उजव्या टोकाशी आली आणि तिथे उभी राहिली. गेथर शिडीवरून उतरलेच नाहीत. मी म्हटलं, "आई, अगं, ते काय झालं की—"

"किती रुंद होतं हे?" तिने विचारलं.



"मी सांगते. माझे दोन हात पसरून वर वीतभर. तीन वर्षं मी दर शनिवारी पुसलंय ते. आणि तो दिवा केवढा? मी काय झाडूची काडी आहे, दिव्यामागे मावायला? माझं एक ढुंगण मावलं नसतं."

गेथर खोकले.

"तुला माहीत होतं?" मी म्हटलं.

"पहिल्या रात्रीपासून. तुझे बाबा खोटं बोलले की जेवायचे नाहीत. पाय टाकला त्यांनी. रताळ्याचा."

नीवा, मी खुर्चीवर बसले. मी तिला म्हटलं, मग इतकी वर्षं तू काय बघत होतीस? रोज दुपारी, नाक लावून, मान मोडेपर्यंत? मला वाटायचं तू स्वतःला शोधतेस. मी चॅनेलला पत्रं लिहिली. मी नीवाला पत्रांवर पत्रं लिहिली.

ती म्हणाली, "दिवा बघत होते. पोरीने काहीतरी मोडलं आणि पुढे फुलदाणी ठेवली. तिच्या हातचं तेवढंच दिसायचं मला. नावाचं काय, ते तर सर्रकन जातं."

म्हणजे तुला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. एकमेकांना न सांगता तुम्ही तिघांनी एकमेकांना सांभाळलंत, आणि या घरात अडाणी राहिले ती मी एकटी. मला हसावं की भांडी आपटावीत ते कळेना. मी भांडी आपटली.

आत मी भांडी आपटत होते तेव्हा बाहेर ती काय करत होती ते सांगते, कारण ते तू बघायला हवं होतंस. तिने डावीकडचा फोन बोटाने शोधला, चित्रातला. तिथून वायरवर बोट ठेवलं आणि चालू लागली, माझ्या डोक्यावरून, तुझ्या केसांवरून, आत्याच्या टाळ्यांवरून. उजव्या कडेला वायर संपली, तिचं बोट थांबलं नाही. कापलेल्या कडेवरून ते भिंतीवर आलं, आणि भिंतीवरून स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर. चित्र डावीकडे घ्या, डावीकडे घ्या, हे ती का म्हणत होती ते मला तेव्हा कळलं. चौकटीपर्यंत बरोबर एका बाईपुरती जागा सोडली होती तिने.

तिथे ती पाठ टेकून उभी राहिली.

मी आतून विचारलं, "आता काय?"

"फोनवर आहे मी," ती म्हणाली. "ओडेलशी बोलतेय. ती काय लवकर सोडते?"

बर्नडीन


बाल्टिमोर, ६ जानेवारी २०१२

प्रिय नीवा,

आज तीन राजांचा दिवस, नाताळच्या सणाचा शेवट. कार्यक्रम बंद झाला, तीन वाजता आता कोणीतरी घरं विकतं. आईने टीव्ही लावायला सांगितलं नाही. दारातल्या खुर्चीत बसते. कोण आलं तर म्हणते, थांबा, मी चित्रात आहे.

उजवा डोळाही वसंत ऋतूपर्यंत टिकेल असं डॉक्टरांना वाटत नाही. तिला ते कळलंय. म्हणून काल तिने मला वही घेऊन बसवलं आणि कोणाला काय द्यायचं ते सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, आई, मरत नाहीयेस तू. ती म्हणाली, "मरायला वेळ आहे. मला वस्तू दिसतायत तोवर द्यायच्यात." तेव्हा तिच्याच शब्दांत लिहितेय, माझ्यावर चिडू नकोस.

लोकरीच्या कॉलरचा कोट मिस ओडेलच्या मुलीला. तिच्या आईने तो उसना घेऊन तीन इस्टर काढले, आता तिचाच झाला.

सगळ्या हॅट चर्चच्या बायकांना, फक्त जांभळी सोडून. जांभळी आईबरोबर जाणार.

मिस्टर गेथरना बाबांची शिडी आणि रताळ्याच्या पायची कृती. कृती मी लिहून द्यायची, आणि पहिल्यांदा शेजारी उभं राहून करून दाखवायची. हे ती मुद्दाम म्हणते आहे, मला कळतं.

कॅलेंडरं मी शिकवत होते त्या शाळेला. शवपेट्यांची जाहिरात कापायची नाही. या घरातलं कुठलंच चित्र आता कापायचं नाही, असं तिने दोनदा लिहायला लावलं.

लोखंडी कंगवा कोणालाच नको, तो टाकून द्यायचा.

टीव्ही जो उचलून नेईल त्याला.

चित्र मला. मी म्हटलं, ते नीवाचं आहे, बाबांनी तिला दिलं होतं. आई म्हणाली, "नीवाने घर सोबत नेलं, आता परत आणलं. आता ते या घराचं, तुझं." मी पुढे वाद घातला नाही. मी इतकी थोर नाही.

आणि भिंतीवरचा फोन तुला, जुना काळा, वायरसकट. मी म्हटलं, तो कधीच बंद पडलाय, त्याचं ती काय करील? आई म्हणाली, "जी फोन करत नाही तिला फोन. दुसऱ्या कोणाला कशाला?"

पोस्टाने पाठवायचा नाही, असं तिने बजावलंय. गेथरनाही हात लावू द्यायचा नाही. तू स्वतः येऊन काढायचास. वरचे दोन स्क्रू गंजलेत, खालचे बरे आहेत. स्क्रूड्रायव्हर स्वयंपाकघरातल्या मधल्या खणात ठेवलाय. आणि येशील तेव्हा दारातल्या खुर्चीच्या उजवीकडे उभी राहा. समोर राहिलीस तर तिला दिसणार नाहीस.

तुझी,
बर्नडीन